हुंकार भरणारी माणसे

दिवाळी तोंडावर आली की भिलाईच्या सेक्टरांत आणि कॅम्पच्या गल्ल्यांत संध्याकाळी टाळ्या ऐकू येऊ लागतात. आसपासच्या खेड्यांतल्या, वस्त्यांमधल्या बायका-मुली फाटकाशी येऊन उभ्या राहतात. मधोमध बांबूची टोपली. इकडे तिला टुकनी म्हणतात. टुकनीत धान, धानावर मातीचा पोपट. त्याच्याभोवती फेर धरायचा, कमरेत किंचित वाकायचे आणि टाळ्यांच्या ठेक्यावर गायचे. अर्ध्या जणी ओळ टाकतात, उरलेल्या तीच उचलतात. हा सुआ नाच. ढोलक नाही, पेटी नाही. ताल धरायला हात पुरतात. विदर्भातून किंवा देशावरून इथे आलेल्या घरातली आजी हे पाहताना मनाने भोंडल्यात जाऊन पोचते. तिथे पाटावर हत्ती, इथे टोपलीत पोपट. तिथे खिरापत ओळखायची, इथे सुपातून तांदूळ, तेल, चार पैसे द्यायचे.

भोंडल्याची गाणी शिकवायला कधी कोणी बाई ठेवली नाही, आणि सुआचीही नाही. लहान मुलगी आईचा पदर धरून फेरात शिरते, पहिल्या वर्षी नुसती टाळी देते, दुसऱ्या वर्षी शेवटचा शब्द उचलते. यंदाच्या अंकाचा विषय याच फेरातून निघाला: माणसे एकमेकांच्या सोबतीने कला शिकतात तेव्हा नेमके काय घडते? उत्तर शोधायला फार दूर जावे लागत नाही. भिलाईपासून काही कोसांवर गनियारी आहे.

पंडवानी गायिका तीजनबाई १९५६ साली जन्मल्या त्या या गनियारीत, पारधी कुटुंबात. आजोबा ब्रिजलाल महाभारताच्या कथा गात, सबलसिंह चौहानांनी रचलेल्या. नात ऐकत राहिली आणि तिला त्या पाठ झाल्या. पुढे उमेदसिंह देशमुखांकडून तिला काही तालीम मिळाली. तेराव्या वर्षी चंद्रखुरी गावात तिने पहिला जाहीर कार्यक्रम केला. बिदागी दहा रुपये. महाभारत गाऊन सांगण्याची ही कला म्हणजे पंडवानी. त्या काळी ती गाणाऱ्या बायका बसून गात. त्या पद्धतीला वेदमती म्हणतात. उभे राहून, मंच पालथा घालत गायची ती कापालिक शैली, आणि ती पुरुषांची मानली जाई. तीजनबाई उभ्या राहिल्या. हातातला तंबुरा कधी भीमाची गदा झाला, कधी अर्जुनाचे धनुष्य.

याची किंमत त्यांना मोजावी लागली. बाईमाणसाने पंडवानी गायली म्हणून जातीने त्यांना बाहेर काढले. त्यांनी स्वतःची झोपडी उभारली. भांडीकुंडी आणि धान्य शेजाऱ्यांकडून उसने आणले. मराठीत जातीलाही समाज म्हणतात आणि शेजारपाजाराच्या माणसांनाही समाजच म्हणतात. एका समाजाने दार लावले, दुसऱ्याने पातेले दिले. ‘समाजात कला रुजवू या’ असे सहज बोलले जाते, तेव्हा त्यातला कोणता समाज अभिप्रेत आहे हे विचारायला हवे. तीजनबाईंना २००३ साली पद्मभूषण आणि २०१९ साली पद्मविभूषण मिळाले, तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत सगळेच होते. उसने पातेले देणारी माणसे मात्र फार आधी पुढे आली होती, आणि त्यांची नावे कुठेही नोंदलेली नाहीत.

पंडवानीत आणखी एक माणूस असतो, त्याच्याकडे पाहणाऱ्याचे लक्ष उशिरा जाते. तो रागी. मुख्य गायिका कथा सांगत असते आणि रागी ‘हव’, ‘अच्छा’ म्हणत हुंकार भरतो, मधेच अडवून विचारतो, ‘मग काय झाले?’ महाराष्ट्रातल्या शाहिराला त्याची ओळख लगेच पटेल. पोवाड्यात ‘जी जी रं जी’ धरणारे झीलकरी हेच काम करतात. रागीवाचून पंडवानी उभीच राहत नाही, कारण कथा कोणाला तरी सांगावी लागते आणि तो ‘कोणी तरी’ मंचावरच बसलेला असतो. हजारोंच्या गर्दीत जो हुंकार मिळेलच असे नाही, त्याची सोय परंपरेने आधीच करून ठेवली आहे. ही योजना ज्या कोणाला सुचली, त्याला माणसे कशी शिकतात हे पुरते कळले होते.

आता भिलाईच्या पोलाद कारखान्याकडे वळू. सोव्हिएत संघाशी करार झाला तो २ फेब्रुवारी १९५५ रोजी. राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली ४ फेब्रुवारी १९५९ रोजी. शेते गेली, गावे उठली आणि देशभरातून आलेल्या माणसांची एक नवी नगरी वसली. तेलुगू, बंगाली, मल्याळी, पंजाबी, मराठी अशी कुटुंबे एकाच ओळीतल्या क्वार्टरांत राहू लागली. कारखान्याने रूळ तर तयार केलेच, पण लोककला महोत्सवही भरवला आणि कलावंतांना नोकऱ्या दिल्या. तीजनबाई कारखान्याच्या पगारपत्रकावर होत्या. पंथी नाच देशोदेशी नेणारे देवदास बंजारेही होते. पंथी हा सतनामी समाजाचा नाच. गुरू घासीदासांची गीते, मांदर आणि झांज, चढत जाणारी लय, आणि शेवटी नाचणाऱ्यांनी एकमेकांच्या खांद्यांवर रचलेले मनोरे. कलावंताला दर महिन्याला पगार मिळावा, ही गोष्ट दिसते तितकी साधी नाही. पुरस्कारांपेक्षा तिचे मोल जास्त आहे, असे या अंकाचे मत आहे.

या मातीत एकत्र शिकण्याचा सर्वांत देखणा प्रयोग मात्र रंगभूमीवर झाला. त्याची पायाभरणी दुर्गजवळच्या बघेरा गावचे दाऊ रामचंद्र देशमुख यांची. १९५० साली त्यांनी नाचा या लोकनाट्याचे गावोगावचे कलावंत एका मंडळात जमवले. नाट्यदिग्दर्शक हबीब तन्वीर यांनी १९५८ साली दिल्लीत ‘मिट्टी की गाडी’ म्हणजे शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’ उभे केले, तेव्हा मदन निषाद, ठाकूरराम, लालूराम, भुलवाराम असे इथलेच नाचा कलावंत त्यांनी सोबत नेले होते. दाऊजी थांबले नाहीत. १९७१ साली बघेऱ्यातच ‘चंदैनी गोंदा’ उभा राहिला. शेतकऱ्याच्या जगण्याची गाणी आणि प्रसंग त्यात गुंफलेले होते.

मग १९७४च्या सुमारास तन्वीरांनी भिलाईत कार्यशाळा घेतली. विजयदान देथांनी सांगितलेली एका चोराची राजस्थानी लोककथा त्यांच्याकडे होती. नाटक अर्धवटच होते, तरी उघड्या मैदानावर, जमलेल्या सतनामी प्रेक्षकांपुढे ते करून दाखवण्यात आले. खरे बोलण्याचे व्रत घेतलेला चोर आणि सत्यालाच ईश्वर मानणारे प्रेक्षक! नाटक कुठे जायला हवे हे त्या मैदानात उमगले. पंथीची गीते आणि नाच त्यात आले आणि ‘चरणदास चोर’ आकाराला आले. १९७५ साली श्याम बेनेगलांनी त्यावर चित्रपट केला. स्मिता पाटील यांचा तो पहिला चित्रपट. १९८२ साली एडिनबराच्या महोत्सवात नाटकाला फ्रिंज फर्स्ट पुरस्कार मिळाला. पण नाटकाचे घडणे पाहायचे तर एडिनबरापेक्षा भिलाईच्या मैदानाकडे पाहावे. तिथे प्रेक्षकच रागी झाले होते.

शिस्तीने शिकण्याची वाटही याच परिसरात आहे. खैरागडच्या राजघराण्याने आपला राजवाडा देऊन १९५६ साली इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय उभे केले, आणि सुरुवातीच्या काळात त्याचे कुलगुरुपद भूषवले भातखंड्यांचे शिष्य पंडित श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी. एका मराठी संगीतज्ञाच्या हयातीची काही वर्षे या मातीला मिळाली, हे इथल्या मराठी घरांतही फारसे बोलले जात नाही. बोलले जायला हवे.

आज भिलाईचे नाव निघते ते प्रवेश परीक्षांच्या निकालांसाठी. आता इथे आयआयटीही आहे. मुले हुशार आहेत, कष्टाळू आहेत; पण दहावीनंतर पेटी कपाटावर जाते, तबल्याला गवसणी चढते. अभ्यास प्रत्येकाला आपापल्या टेबलाशी बसून एकट्याने करावा लागतो. शेजारी बसून कोणी ‘मग काय झाले?’ विचारत नाही. याची हळहळ वाटते, कारण रुआबांधा याच शहरातला. पंडवानी गाणाऱ्या ऋतु वर्मा तिथल्या. पद्मश्री उषा बारले याही भिलाईच्याच. ज्यांच्याकडे बसून शिकावे अशी माणसे एका रिक्षाच्या अंतरावर आहेत.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री वस्त्यांमध्ये गौरा-गौरीचे लग्न लागेल, तोवर सुआच्या बायका दारोदार फिरतील. या वर्षी त्या फाटकाशी आल्या की तांदूळ देऊन दार लावण्याची घाई कोणी करू नये. घरातली मुलगी फराळाचे ताट घेऊन बाहेर जाऊ दे, आणि कोणी तिचा हात धरून फेरात ओढलेच, तर तिला आत बोलावू नये. पहिल्या दोन ओळी तिला कळणार नाहीत. तिसऱ्या ओळीला तिची टाळी बरोबर पडेल.