जर्मन हवी, नाटक नको?

वागळे इस्टेटमधील आमच्या धर्मग्रामात सध्या जर्मन भाषेला मोठा मान आहे. 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून तर मिस्सा संपताच अंगणात तोच विषय. मात्र एखादी कन्या 'जर्मनसोबत नाटकही शिकेन' म्हणाली, की घरात सुतक पसरते. 'फादर, तुम्हीच तिला समजवा!' येथील कारखाने एकामागून एक बंद होताना पाहिलेल्या पिढीची भीती आम्ही जाणतो. तरीही समजवायचे आहे ते पालकांनाच.

भाषा ही काय केवळ व्हिसाची पायरी? शलमोन राजाचा न्याय आपणांस ठाऊक आहे. ब्रेख्तने खडूच्या वर्तुळात तो उलटा मांडला. मूल जन्मदात्रीला नव्हे, जिवापाड सांभाळणाऱ्या मोलकरणीला दिले. खानोलकरांनी ते नाटक 'अजब न्याय वर्तुळाचा' म्हणून मराठीत आणले. वायमारचे फ्रिट्झ बेनेविट्झ आणि विजया मेहता यांनी सत्तरच्या दशकात ते रंगभूमीवर उभे केले. ती मोलकरीण मुलाचा हात का सोडते, हे व्याकरणाच्या पुस्तकात सापडत नाही. आणि ब्रेख्तने तिच्या तोंडी कोणती भाषा घातली, हे निव्वळ नाट्यशिक्षणाने कळत नाही.

नाटक ज्यांना पाप वाटते, त्यांनी बव्हेरियातील ओबरआमरगाऊ आठवावे. 1633 च्या प्लेगमध्ये केलेल्या नवसापोटी तेथील ग्रामस्थ प्रभूच्या दुःखसहनाचे नाट्य करीत आले. 2020 चे प्रयोग साथीमुळे लांबले, तरी 2022 मध्ये झालेच.

मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलात जर्मन विभाग आहे, नाट्यकला अकादमीही आहे. मुलीला दोन्ही दारे ठोठावू द्या. अर्जासोबत चारित्र्याचा दाखला लागल्यास आम्ही देऊ.