मदतीला धीराची जोड हवी

रस्त्यावर अपघात घडला की क्षणार्धात गर्दी जमते. कोणी जखमीला काखेत धरून उठवतो, कोणी हेल्मेट ओढून काढतो, कोणी तोंडाला पाणी लावतो आणि दोघेतिघे मिळून त्याला रिक्षात बसवतात. यामागील माणुसकी निःसंशय आहे. परंतु मानेला इजा झाली असल्यास हीच तत्परता घातक ठरू शकते.

मानेतील 7 मणके सुमारे 5 किलो वजनाचे डोके तोलून धरतात आणि मज्जारज्जूला कवच पुरवतात. श्वासपटल हलविणारे मज्जातंतूही येथूनच निघतात. मणका मोडला वा सरकला असेल, तर चुकीच्या हालचालीने मज्जारज्जूवर दाब येतो. हातपाय लुळे पडू शकतात, प्रसंगी श्वासही थांबू शकतो. अपघाताने न झालेली हानी अशा वेळी मदतीने होते.

म्हणून अशा जखमीची पहिली शुश्रूषा म्हणजे स्थिरता. 112 किंवा 108 या क्रमांकावर तातडीने कळवावे. जखमीला मान न हलविण्यास सांगून, डोके ज्या स्थितीत असेल त्याच स्थितीत दोन्ही हातांनी आधार द्यावा. पाणी पाजू नये. श्वासाला अडथळा नसेल तर हेल्मेट काढू नये. श्वास बंद पडला असल्यास मात्र प्राणरक्षणालाच प्राधान्य द्यावे. आग वा रहदारीचा धोका असेल तरच जखमीला हलवावे आणि तेही डोके, मान व पाठ एका रेषेत ठेवून.

आडवाटेच्या गावी रुग्णवाहिका वेळेवर पोहोचेलच असे नाही, हा आक्षेप रास्त आहे. तेथेही जखमीला बसवून नेण्यापेक्षा अनेकांनी एकाच वेळी उचलून सपाट फळीवर निजवून नेणे अधिक सुरक्षित ठरते.

पोलिसांच्या चौकशीच्या भीतीने अनेक जण लांबूनच निघून जातात. ही भीती आता अनाठायी आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये मदतकर्त्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली. पुढे 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 134अ आले. सद्भावनेने मदत करणाऱ्यास त्यामुळे कायद्याचे कवच लाभले आहे.

किरकोळ वाटणाऱ्या धक्क्याकडेही दुर्लक्ष नको. मागून वाहन आदळल्यास मानेचे दुखणे पुष्कळदा काही तासांनी वा दुसऱ्या दिवशी डोके वर काढते. हातांना मुंग्या, बधिरता वा अशक्तपणा जाणवल्यास वैद्यकीय तपासणी लांबणीवर टाकू नये. परस्पर मालिश वा मान मोडून घेणे तर कटाक्षाने टाळावे.

बँकेच्या शाखांतून अग्निशामक सिलिंडर भिंतीवर टांगलेला असतो आणि तो वापरण्याचे शिक्षणही आवश्यक मानले जाते. दुचाकीवरून रोज ये-जा करणारे कर्मचारी आणि ग्राहक ध्यानी घेता, प्रथमोपचाराच्या प्रशिक्षणालाही तेच स्थान मिळायला हवे. धावून जाण्याची वृत्ती समाजात आहेच. जखमीची मान सावरण्याची समज तिला लाभली, तर एखाद्याचे उभे आयुष्य अंथरुणाला खिळण्यापासून वाचेल.