नऊ धावा आणि घरी नेलेली बॅट

ज्याची बॅट त्याचा खेळ, हा गावच्या क्रिकेटमधला पहिला कायदा. बाकीचे कायदे वाद झाला की करायचे. डिंभ्याला भाताची कापणी उरकली की मोकळ्या खाचरांत आमचे सामने सुरू होत. वरची आळी आणि खालची आळी असे दोन संघ. दोन्ही सारखेच दरिद्री. दोहोंत मिळून बॅट एकच, आणि ती मामाने मंचरहून आणून दिलेली, म्हणजे माझी!

एका संध्याकाळी माझा जिवलग मित्र वरच्या आळीकडून खेळत होता. माणूस लागला म्हणजे काय, ते त्या दिवशी मी पाहिले. रबरी चेंडू दर वेळी बांध ओलांडून जाई आणि आणायला मला धावावे लागे. त्याचे अर्धशतक जवळ आले. आमच्या दोन्ही आळ्यांत तोवर ते कोणी केले नव्हते. मी त्याच्या हातातली बॅट घेतली, ‘आई हाक मारतेय’ म्हणालो आणि घर गाठले. आई त्या दिवशी आजोळी गेली होती.

पुढे कॉलेजात शिकवू लागल्यावर एका रणजी सामन्याची हकिगत वाचनात आली आणि माझे कान गरम झाले. डिसेंबर १९४८, पुणे. महाराष्ट्राविरुद्ध काठेवाड. काठेवाडचा पहिला डाव २३८ धावांत आटोपला. मग आमचे भाऊसाहेब निंबाळकर, कोल्हापूरचा माणूस, तिसऱ्या क्रमांकावर आले ते परत जाईचनात. भांडारकरांबरोबर दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भागी झाली. त्यांत भांडारकरांच्या २०५. महाराष्ट्र ४ बाद ८२६! भाऊसाहेब नाबाद ४४३. ब्रॅडमनने १९३० साली सिडनीला केलेला नाबाद ४५२ चा जागतिक विक्रम तेव्हा अबाधित होता. बरोबरीला नऊ धावा, मोडायला दहा.

तेवढ्यात विश्रांतीची वेळ झाली. काठेवाडचे कप्तान राजकोटचे ठाकोरसाहेब. डाव घोषित करा, नाहीतर आम्ही निघालो, असे त्यांनी कळवले. महाराष्ट्राचे कप्तान राजा गोखले यांनी आणखी दोनच षटके मागितली. ती मिळाली नाहीत. पाहुण्यांनी सामना सोडला.

आता गंमत पाहा. पहिल्या डावातली पिछाडी ५८८ धावांची. सामना हातचा केव्हाच गेला होता. दोन षटकांनी त्यात काही उणे-अधिक होणार नव्हते. भीती एवढीच, की विक्रमाच्या पुस्तकात आपले नाव मार खाणाऱ्याच्या रकान्यात कायमचे बसेल. आणि बसले कुठे? तर मैदान सोडणाऱ्याच्या रकान्यात. क्रिकेटचे पुस्तक उघडावे तर काठेवाड तिथेच उभे!

तरीही ठाकोरसाहेबांना सरसकट दोष देताना माझी जीभ अडखळते. ८२६ धावांच्या मागे धावणे म्हणजे काय, ते ज्याने खाचरातून चेंडू वेचले त्यालाच कळावे. पाय ओढत असतात, आणि समोरचा हसतदेखील नसतो. नुसता पुढच्या चेंडूची वाट पाहतो. तो हसला असता तर निदान रागावता तरी आले असते.

भाऊसाहेबांना कसोटी सामना एकही लाभला नाही. ब्रॅडमनचा विक्रम १९५९ साली हनीफ महंमदने ४९९ धावा करून मोडला. पाचशेव्या धावेसाठी पळताना तो बाद झाला. १९९४ साली लाराने नाबाद ५०१ केल्या. रणजीत मात्र भाऊसाहेबांच्या खालोखालचा आकडा पृथ्वी शॉचा, २०२३ मधला, ३७९. डिसेंबर २०१२ मध्ये ९३ वा वाढदिवस एका दिवसावर आला असताना भाऊसाहेब गेले. इथेही डाव थोडक्यात राहिला.

मागच्या दिवाळीत गावी गेलो, तेव्हा एसटीच्या थांब्यावर तो मित्र भेटला. आता त्याचे केस माझ्यापेक्षा पांढरे. इकडचे तिकडचे बोलणे झाल्यावर मी जरा चाचरतच विचारले, “का रे, त्या दिवशी तुझे किती झाले होते?”

“सत्तेचाळीस,” तो म्हणाला. एका क्षणाचाही विचार न करता. मग माझी पिशवी गाडीत चढवून देत म्हणाला, “आणि तुझी आई आजोळी होती.”