कापसाची गाडी आणि रस्त्यावर सांडणारे डिझेल



कापूस क्विंटलमागे पन्नास रुपयांनी पडला की गावात बोंब होते, आणि व्हायलाच पाहिजे. काट्यावर किलो-दोन किलोची कट्टी कापली तर आपण व्यापाऱ्याशी हमरीतुमरीवर येतो. पण त्याच कापसाच्या गाडीने घरापासून यार्डापर्यंत किती डिझेल प्याले, हे विचारणारा माणूस आम्हाला बैठकांतून क्वचितच भेटतो. भाडे ठरले, भाडे दिले, विषय संपला.

एके काळी हे विचारण्याची गरजही कमी होती. १९७२ साली एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली तेव्हापासून कापूस द्यायचा सरकारला, तोही नेमून दिलेल्या केंद्रावर. २००२ मध्ये खासगी व्यापाऱ्यांना खरेदीची मुभा मिळाली आणि कापूस भाव शोधत हिंडायला मोकळा झाला. आज पांढरकवड्याकडचा शेतकरी पिकअप भरून सत्तरेक किलोमीटरवरच्या हिंगणघाटला जातो. ही मोकळीक आपल्याला हवीच होती. मात्र मोकळ्या बाजाराचा रस्ता डिझेलवर चालतो. चार पैसे जास्त मिळावेत म्हणून लांब गेलेल्या माणसाने त्यातले दोन पैसे रस्त्यावर किती सांडले, याचा हिशेब बाजार समितीच्या पावतीवर छापून येत नाही.

गाडीचे ॲव्हरेज ही मिस्त्रीने पाहायची गोष्ट आहे, असे आपण धरून चाललो आहोत. आमचे मत वेगळे आहे. गाडी ठीकठाक असेल तर हमरस्त्यावरचे ॲव्हरेज दोनच गोष्टींनी ठरते: माल कसा भरला आणि गाडी किती वेगाने हाकली. या दोन्ही गोष्टी भाडे देणाऱ्याने भाडे ठरवतानाच बोलायच्या आहेत.

कापूस आणि ज्वारी यांत येथे मोठा फरक आहे. ज्वारीची पोती जड, पण हौद्यात खाली बसतात. तेथे इंजिन झगडते ते वजनाशी. गाडी उभी राहून पुन्हा निघते तेव्हा आणि चढावर डिझेल जास्त जाते, सपाट रस्त्यावर एका लयीत चालली की त्रास कमी. कापूस हलका, पण ढीग केबिनच्या वर डोके काढतो आणि दोन्ही बाजूंनी पोट सुटल्यासारखा फुगतो. तेथे झगडा वाऱ्याशी. कडब्याच्या गाडीचेही तसेच. म्हणून ज्वारीवाल्याने वजनाकडे आणि कापूसवाल्याने वाऱ्याकडे बघावे.

आम्ही कागदावर आकडे मांडून पाहिले. पिकअपचा वाऱ्याला भिडणारा समोरचा भाग सव्वातीन चौरस मीटरच्या आसपास भरतो. केबिनवर मीटरभर उंच आणि दोन मीटर रुंद ढीग चढला की त्यात दोन चौरस मीटरची भर पडते. म्हणजे वाऱ्यापुढे धरलेली भिंत दीडपटीहून मोठी झाली. आता वेग घ्या. वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६० चे ८० केले तर वेग वाढला एक-तृतीयांशाने, रेटा वाढला पावणेदोनपट. चाके रस्त्यावर लोळवायला लागणारा जोर मात्र दोन्ही वेगांना जवळपास तेवढाच राहतो. म्हणजे वाढीव डिझेल जवळपास सगळे वारा फोडण्यात जाते.

अशी उंच भरलेली गाडी ८० ने हाकली तर लिटरला आठ किलोमीटरच्या आसपास आणि ६० ने हाकली तर साडेदहाच्या आसपास जाईल, असा ढोबळ हिशेब निघतो. गाडीगणिक तो थोडा इकडेतिकडे होईल. सत्तर किलोमीटरला फरक पडला दोन लिटरचा. डिझेल ९० रुपये धरले तर १८० रुपये. गाडीत पंधरा क्विंटल कापूस असेल तर क्विंटलमागे १२ रुपये. वेळ किती वाचला? ८० ने बावन्न मिनिटे, ६० ने सत्तर. अठरा मिनिटांसाठी १८० रुपये, म्हणजे मिनिटाला दहा रुपये! आणि एवढ्या घाईने पोहोचून करायचे काय, तर जिनिंगच्या फाटकाबाहेर चार-चार तास रांगेत उभे राहायचे.

वेगाची ही गोष्ट गरिबाची काटकसर म्हणून कोणी हसण्यावारी नेऊ नये. १९७३ मध्ये अरबांनी तेल रोखले तेव्हा अमेरिकेसारख्या श्रीमंत देशाने १९७४ च्या जानेवारीत कायदा करून साऱ्या देशाची वेगमर्यादा ताशी ५५ मैलांवर, म्हणजे ८८ किलोमीटरवर आणली. मोटारींच्या त्या देशाने ती १९९५ पर्यंत पूर्णपणे उठवली नाही. आपल्याकडे २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेने मालवाहू गाड्यांना द्रुतगती मार्गावरही ८० चीच मर्यादा घातली आहे. समृद्धी महामार्गावर शेजारून १२० ने मोटारी जातात म्हणून आपल्या पोराचा पायही जड होतो. डावी लेन धरावी आणि त्यांना जाऊ द्यावे.

भरतीविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण येथे चुकीचा अर्थ निघू शकतो. ढीग कमी करायचा म्हणून पाच क्विंटल कापूस घरी ठेवू नका. तो तोट्याचा शहाणपणा होईल. अर्धी गाडी ॲव्हरेज चांगले देते, पण क्विंटलमागे खर्च वाढवते. कापूस थराथराने टाकून चांगला तुडवून भरावा. पुढचा भाग होता होईल तो केबिनच्या उंचीशी जुळवावा आणि उतार मागे न्यावा. बाजूने माल फाळक्याबाहेर काढू नये, ते नियमातही बसत नाही. वरून ताडपत्री ताणून बांधावी. फडफडणारी ताडपत्री वाऱ्याला धरून ठेवते, आणि वाटेत बोंडे उडतात ती वेगळीच.

दवात वेचलेला ओला कापूस भरू नये, हे आम्ही गुणवत्तेसाठी सांगत आलो. डिझेलसाठीही तेच सांगतो. कापूस महामंडळ म्हणजे सीसीआय ८ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव देते, १२ टक्क्यांवर गेला की घेत नाही. आपण पैसे मोजून पाणी वाहून न्यायचे आणि गाडी परत फिरली तर तेच पाणी घरी आणायचे. साऱ्या हंगामातले सर्वात महाग डिझेल ते हेच.

टायरची हवा गाडी थंड असताना पाहावी, आणि गाडी बनवणाऱ्याने भरल्या गाडीसाठी जेवढी सांगितली तेवढीच ठेवावी. कमी हवेने डिझेल थोडे जास्त जाते. पण खरा धोका टायर तापून फुटण्याचा आहे, विशेषतः सिमेंटच्या रस्त्यावर, उन्हात. घाटात गाडी न्यूट्रल करून सोडणारे महाभाग अजून आहेत. आताच्या डिझेल गाड्यांत गियरमध्ये असताना पाय काढला की इंजिनाला तेल जाणे बंद होते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला तेल जळतच राहते, आणि सारा भार ब्रेकवर येतो. इंजिनच बंद करून उतरणाऱ्याविषयी काय बोलावे! ब्रेकला मिळणारी मदत त्याच्याबरोबर बंद होते. रांगेत उभे असताना मात्र इंजिन जरूर बंद करावे. नुसते चालू ठेवले तर तासाला अर्धा लिटर सहज जाते.

आणि ते चुंबक, त्या पुड्या, त्या बाटल्या! तेलाच्या नळीला चुंबक लावला की वीस टक्के बचत, असे सांगत फिरणारे लोक बोंडअळीच्या औषधवाल्यांचेच भाऊबंद. अमेरिकेच्या सरकारी पर्यावरण संस्थेने अशी शंभरावर यंत्रे तपासली. लक्षात घेण्याजोगी बचत करणारे त्यांना एकही सापडले नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. गाडी ६० ने चालली आणि दोन लिटर वाचले, तर ते कोणाचे? भाडे खेपेवर ठरले असेल तर गाडीवाल्याचे. शेतकऱ्याच्या पदरात रुपया पडत नाही. मग तो कशाला म्हणेल की सावकाश चल? गाडीवालाही बहुधा आपल्याच गावचा पोरगा असतो. शेतात भागत नाही म्हणून कर्ज काढून पिकअप घेतलेली, महिन्याचा हप्ता मानेवर. दुसरी खेप गाठायची म्हणून तो पळतो. त्याला शिव्या देऊन काही होणार नाही. आमचे म्हणणे असे की भाडे क्विंटलवर ठरवावे आणि डिझेल वेगळे मोजावे. निघताना टाकी फुल्ल, परतल्यावर त्याच पंपावर पुन्हा फुल्ल, जेवढे बसले तेवढे गाडी प्याली. नेहमीपेक्षा जे वाचले ते निम्मे त्याचे, निम्मे माल ज्यांचा त्यांचे. असा सौदा झाला तर त्याच्या पायालाही कारण मिळते.

परतीची रिकामी गाडीही सत्तर किलोमीटरला चार-पाच लिटर पितेच. वेगाने जेवढे वाचते त्याच्या दुप्पट येथे फुकट जाते. येताना सरकीची ढेप आणावी, हंगामाप्रमाणे खत आणावे. एकट्याला गाडीभर ढेप लागत नाही. पाच घरांनी मिळून ठरवले तर लागते. मागचा फाळका उघडा टाकला की वारा निघून जातो, ही मात्र निव्वळ समजूत आहे. अमेरिकेत पिकअपवर झालेल्या चाचण्यांत फाळका बंद असलेलाच बरा ठरला.

हे सारे आपल्या हातातले झाले. सरकारच्या हातातले काय? ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचा भाव बाजारावर सोडल्याची घोषणा झाली. बाजाराला आमचा विरोध नाही. पण एप्रिल २०१४ मध्ये डिझेलवर केंद्राचे उत्पादन शुल्क लिटरला ३ रुपये ५६ पैसे होते, ते मे २०२० मध्ये ३१ रुपये ८३ पैसे झाले. त्या वर्षी कच्चे तेल जगभर कोसळले होते. तो फायदा पंपावर पोहोचण्याआधीच दिल्लीने काढून घेतला. पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये १० रुपये आणि मे २०२२ मध्ये ६ रुपये उतरवले, एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा २ रुपये चढवले. राज्याचा व्हॅट त्यावर वेगळा. भाव चढला की बाजार, उतरला की सरकार, असा हा खुला बाजार! आपण वाचवलेल्या दोन लिटरमध्ये या कराचाही भाग आहे, म्हणून ते वाचवताना आम्हाला दुप्पट आनंद होतो.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने निदान तीन खेपांची नोंद आणावी: क्विंटल किती, किलोमीटर किती, जाण्यायेण्याचे मिळून लिटर किती, भाडे किती, येताना गाडीत काय होते. एक खेप नेहमीच्या चालीने आणि दोन ६० च्या चालीने कराव्यात. पंपाच्या पावत्या जोडाव्यात. पुढच्या हंगामाचे भाडे गाडीवाल्यांसमोर बसून, त्या पावत्या पुढ्यात ठेवूनच ठरवायचे आहे.