मांड आणि मिरवणूक

फाल्गुन लागला की गोमंतकाच्या गावागावांतून ढोलांवरची धूळ झटकली जाते. तिसवाडी, बार्देश, सासष्टीत प्रामुख्याने नवमीपासून पौर्णिमेपर्यंत धाकटा शिगमा आणि पौर्णिमेनंतर डिचोली, सत्तरी, पेडणे, सांगे, काणकोण या नव्या काबिजादीच्या महालांत थोरला, असा हा क्रम पूर्वापार चालत आला आहे. सत्तरी-डिचोलीत घोडेमोडणी निघते, साखळीत वीरभद्र नाचतो, साळ गावी गडे रानात धाव घेतात, झर्म्यात चोरोत्सव होतो, तर मळकर्ण्यात शेणी उजो पेटतो. दक्षिणेकडे गोफ आणि तालगडी रंगतात. एवढ्याशा भूमीत, अवघ्या काही दिवसांत, एवढे कलाप्रकार एकवटलेले क्वचितच आढळतील.

या सर्वांचे मूळ मांडावर आहे. मांड म्हणजे केवळ मोकळी जागा नव्हे. तेथे दिवा लागतो, गाऱ्हाणे घातले जाते, नमन होते आणि मगच ढोलावर काठी पडते. वडीलधारे पुढे उभे राहतात, पोरे मागे ताल धरतात आणि शिकवणीवाचून विद्या एका पिढीकडून दुसरीकडे जाते.

हा वारसा सुखासुखी टिकलेला नाही. सोळाव्या शतकात जुन्या काबिजादीतील देवळे पाडली गेली, कित्येक देवतांना अंत्रुज महालात आश्रय घ्यावा लागला, १५६० मध्ये इन्क्विझिशन आले. पुढे सालाझारशाहीत साधी निमंत्रणपत्रिकाही सेन्सॉरच्या नजरेखालून गेल्यावाचून छापता येत नसे. अशा काळातही मांडावरचा दिवा विझला नाही. जे परकीय सत्तेला साधले नाही, ते १९६१ नंतरच्या आपल्या स्वराज्यात आपल्याच हौसेने घडू नये, एवढीच आमची चिंता आहे.

शिगमोत्सवाच्या सरकारी मिरवणुकांना आमचा विरोध नाही. पणजी, मडगाव, फोंडे, म्हापसे येथील रस्त्यांवर रोमटामेळ पाहून शहरवासीयांना आपल्या गावाची ओळख पटली. मांडावर ज्यांना बहुधा प्रेक्षकाचीच जागा होती, त्या स्त्रियाही ढोल-ताशे घेऊन पथकांत उतरल्या. हा लाभ थोडा नव्हे.

परंतु मिरवणुकीचे गणित वेगळे असते. परीक्षकांच्या व्यासपीठासमोर मोजकी मिनिटे मिळतात. त्यांत नमनाला अवसर नसतो, लय वाढवावी लागते, पोशाखाचा झगमगाट वाढवावा लागतो. आज या शहरात, उद्या त्या शहरात, असा पथकांचा प्रवास मध्यरात्रीपर्यंत चालतो. बक्षिसाच्या आशेने गावातील तरणी मंडळी ढोल घेऊन शहराकडे गेली, तर त्याच रात्री मांडावर उभे कोणी राहावे? वृद्धांनी दिवा लावावा आणि तालासाठी वाट पाहावी, हे चित्र कोणत्याही संस्कृतिप्रेमी समाजाला भूषणावह नाही.

उपाय अशक्य नाहीत. मिरवणुकांच्या तारखा ठरविताना गावोगावच्या मांडांच्या तिथी प्रथम विचारात घ्याव्यात. स्पर्धेत ध्वनिमुद्रित संगीताला स्थान नसावे. बक्षिसांच्या रकमेतील एक वाटा मांडाकडे जावा; त्यातून ढोल मढवले जावेत, जाणत्या वादकांना मानधन मिळावे आणि गावातील शाळकरी मुलांना त्यांच्या हाताखाली बसता यावे. गावकरी मंडळींनीही आपल्या मांडाचा दिवस कोणत्याही बक्षिसासाठी मोडू नये. तो निर्णय सरकारचा नाही, त्यांचाच आहे.

आणि थोडा दोष आम्ही पत्रकारांनी आपल्याही पदरी घ्यावयास हवा. चित्ररथाचे छायाचित्र आम्ही पहिल्या पानावर छापतो आणि दूरच्या गावातील मांडाची वार्ता आतल्या पानावर दोन ओळींत उरकतो. ज्याला आम्ही मोठे म्हणू, त्याला वाचक मोठे मानतात, याचा आम्हांला विसर पडला.

मिरवणूक ही फुले होत, मांड हे मूळ होय. फुले रस्त्यावर मिरवावीत. पाणी मात्र मुळाला घालावे. यंदा शहरातील मिरवणूक अवश्य पाहा, पण एक रात्र आपल्या गावच्या मांडासाठी राखून ठेवा, एवढीच आमची गोमंतकीयांना विनंती आहे.