सोडतीच्या आधी आकडे सांगा

माननीय मुख्यमंत्री श्री. ए. रेवंत रेड्डी यांस,



शिक्षण खातं तुम्ही स्वतःकडे ठेवलं आहे, म्हणून हे पत्र थेट तुम्हालाच. मी आदिलाबाद जिल्ह्यातल्या बेला मंडलातला. पैनगंगेच्या या काठावर घरात मराठी, कचेरीत तेलुगू, आणि पोरगं इंग्रजी शाळेत जावं ही इच्छा घरोघरी. फी मागतात जूनमध्ये, मृगाच्या तोंडावर, कपाशीचं बी-खत आणून हात रिकामा झालेला असतो तेव्हा.

अशा घरांसाठी तुमच्या सरकारची 'बेस्ट अव्हेलेबल स्कूल' योजना आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना निवडक खासगी शाळांत प्रवेश, फी सरकारची, निवड चिठ्ठ्या काढून. योजना चांगली आहे, ती चालूच राहावी. पण माझ्याकडून अर्ज भरून घ्यायला आलेला बाप विचारतो, "भाऊ, आपल्या पोराचा नंबर लागंल का?" त्याला काय सांगू? जागा किती आणि अर्ज किती, एवढं कळलं तरी पुरे. वीस जागांना दोनशे अर्ज असतील तर दहांत एकाचा नंबर, हा हिशेब शाळेची पायरी न चढलेला माणूसही बोटांवर करतो. मग मजुरी बुडवून मी-सेवा केंद्रात उत्पन्नाच्या आणि जातीच्या दाखल्यासाठी खेटे घालायचे की नाही, गावच्या शाळेत आधी नाव घालून ठेवायचं का, हे त्याचं तो ठरवेल. सोडतीआधी हे आकडे आमच्या गावापर्यंत पोचत नाहीत.

नंबर लागला तरी जीव भांड्यात पडत नाही. 2025 मध्ये सरकारकडून पैसे थकले म्हणून राज्यात ठिकठिकाणी शाळांनी या योजनेतल्या मुलांना वर्गात घेतलं नाही आणि पालकांना आंदोलन करावं लागलं. सात-आठ वर्षांच्या मुलाला फाटकावरून परत पाठवतात, तेव्हा थकबाकी कुणाची हे त्याला कसं समजावायचं? फी माफ झाली तरी गाडीभाडं, ड्रेस, वह्या-पुस्तकं यांतलं काय कुणाच्या माथी, हेही पालकाला आधीच लेखी मिळायला हवं. मदत पुरेल की नाही, ते त्यावरच कळेल.

आता कायद्याचं. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. विनाअनुदानित खासगी शाळांनी प्रवेशाच्या वर्गातल्या किमान 25 टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांना द्याव्यात, असं त्याचं कलम 12 सांगतं. सर्वोच्च न्यायालयाने 12 एप्रिल 2012 रोजी ते उचलून धरलं. तेलंगणा राज्य 2014 मध्ये झालं. त्यानंतर दहा वर्षं उलटून गेली तरी या जागांची सोडत इथे निघाली नाही. 1956 पर्यंत किनवट याच आदिलाबाद जिल्ह्यात होतं. आज महाराष्ट्रात असलेल्या किनवटच्या मुलाला या जागांसाठी अर्ज करता येतो, आमच्या मुलाला येत नाही. महाराष्ट्रातही सगळं आलबेल नाही. शाळांची प्रतिपूर्ती तिथेही रखडते. 2024 मध्ये तिथल्या सरकारने जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असलेल्या खासगी शाळांना या जागांतून सूट दिली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने 19 जुलैला तो बदल रद्द केला. तरी कोणत्या शाळेत किती जागा, हे तिथल्या पालकाला अर्ज भरतानाच दिसतं. नसलेल्या सोडतीत आमच्या मुलाची शक्यता शून्य, ती मोजायला गणित कशाला हवं?

येत्या वर्षी 25 टक्के जागांची सोडत काढा. 'बेस्ट अव्हेलेबल स्कूल'मध्ये शाळावार जागा आणि आलेले अर्ज सोडतीच्या किमान आठ दिवस आधी मंडल कार्यालयाच्या फळ्यावर लावा. बेला, जैनथ, तामसी या मंडलांत तेलुगूसोबत मराठीतही. आणि शाळांचा पहिला हप्ता 12 जूनला शाळा उघडण्याआधी द्या.

आपला,
बेला मंडलातला एक रहिवासी