कागदी प्याल्यातले सोवळे

करंजाडे येथील कोणत्याही चौकात सकाळी उभे राहिले, तर एक दृश्य हमखास नजरेस पडते. बांधकामावर निघालेले मजूर, रात्रपाळी संपवून परतणारा पहारेकरी, पनवेल स्थानक गाठण्याच्या घाईतला कारकून आणि नाक्यावरचे रिक्षाचालक एकाच टपरीभोवती जमतात, चार घोट चहा घेतात आणि हातातला कागदी प्याला चुरगाळून गटाराकडे भिरकावतात. कोणी कोणाचे उष्टे धूत नाही, कोणी कोणाची जात विचारत नाही. हे पाहून चळवळीतील काही मित्र हर्षभरित होतात. ज्या कामासाठी सत्याग्रह करावे लागले, ते कागदाच्या प्याल्याने बिनबोभाट उरकले, असे त्यांचे म्हणणे. ही समजूत भाबडी आहे, आणि भाबडेपणा राजकारणात निरुपद्रवी नसतो.

महाराष्ट्रात चहाचे भांडे कधीच नुसते भांडे नव्हते. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटे पुढे आली. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे छापून आणली, आणि रानडे-टिळकांसारख्यांवर ग्रामण्य येऊन प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. वाद चहाचा नव्हता. तो कोणाच्या हातून आला, याचा होता. पुढे कोल्हापुरात गंगाराम कांबळे या दलित सेवकाने सवर्णांच्या हौदाला हात लावला म्हणून मार खाल्ला, तेव्हा शाहू महाराजांनी त्याला चहाचे दुकान काढून दिले. दुकान निघाले, पण महाराच्या हातचा चहा पिणार कोण? महाराज स्वतः त्या दुकानासमोर गाडी थांबवून भर रस्त्यात चहा घेऊ लागले. करंजाडे ज्या रायगड जिल्ह्यात आहे, त्याच तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, महाडला, १९२७ साली चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले. ओंजळ आणि प्याला यांचा लढा एकच होता.

खेड्यातील हॉटेलांच्या भिंतीतला तो कोनाडा जुन्या कार्यकर्त्यांना आठवत असेल. कान तुटलेला कप तिथे पालथा घातलेला असे. दलित गिऱ्हाइकाने तो आपण उचलायचा, वरून ओतलेला चहा बाहेर बसून प्यायचा, आपणच विसळायचा आणि परत कोनाड्यात ठेवायचा. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याने सार्वजनिक उपाहारगृहातील भांडी वापरण्यास मज्जाव करणे हा गुन्हा ठरवला. कायदा करणाऱ्यांनी ‘भांडी’ हा शब्द मुद्दाम घातला, कारण अस्पृश्यता कुठे मुक्काम करते हे त्यांना ठाऊक होते.

आता कागदी प्याल्याकडे पाहू. सोवळ्याच्या शास्त्रात धातूचे भांडे घासून शुद्ध होते. मातीचे एकदा उष्टे झाले की फोडूनच टाकायचे. उत्तरेकडील ज्या कुल्हडाचे आज कौतुक होते, त्याच्या मागे मातीच्या सुगंधाइतकाच हा विटाळही आहे. इंग्रजी अमदानीत रेल्वे स्थानकांवर ‘हिंदू चहा’ आणि ‘मुसलमान चहा’ वेगळे विकले जात, त्याच देशात एकदा पिऊन फोडायचे भांडे लोकप्रिय व्हावे यात नवल नाही. २००४ साली लालूप्रसादांनी रेल्वेत कुल्हड आणला तो कुंभारांच्या रोजगारासाठी. हेतू चांगला होता, पण भांड्याचा इतिहास हेतूने पुसला जात नाही. कागदी प्याला हा त्याच कुल्हडाचा कारखान्यात जन्मलेला धाकटा भाऊ आहे. दुसऱ्याचे ओठ लागलेले भांडे आपल्या ओठांना लावावे लागू नये, हीच त्याची खरी सोय. त्याने विटाळ मोडला नाही; सर्वांनाच एकमेकांचा विटाळ मानण्याची मुभा दिली.

पुरावा हवा असेल तर टपरीवरून वर, इमारतीतल्या स्वयंपाकघरात जावे. धुणेभांडी करणाऱ्या बाईचा वेगळा स्टीलचा पेला अनेक घरांत मोरीच्या फळीवर असतो. ज्यांना त्याची अलीकडे लाज वाटू लागली, त्यांनी बाईसाठी कागदी प्याले आणून ठेवले. घरातली माणसे मात्र कपबशीतच पितात. सगळ्या घराचे उष्टे जी बाई घासते, तिचे उष्टे घासायला घरात कोणी नाही!

आणि फेकलेला प्याला जातो कुठे? तो कचरा वेचणाऱ्यांच्या हाती जातो, आणि ते हात कोणत्या जातींचे हे सांगण्याची गरज नाही. त्याला आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, म्हणून तो रद्दीतही सहजी खपत नाही. खरगपूरच्या आयआयटीतील संशोधकांनी २०२० साली दाखवले की १०० मिलिलिटर गरम पाणी अशा प्याल्यात १५ मिनिटे राहिले, तर सुमारे २५,००० सूक्ष्म प्लॅस्टिककण त्यात उतरतात. (एका चहावर तासभर क्रांतीची चर्चा करणाऱ्यांनी हा आकडा विशेष ध्यानात ठेवावा.) हिशेबही पाहा. प्याला ५० पैशांचा धरला आणि दिवसाला ३०० खपले, तर महिन्याचे ४,५०० रुपये टपरीवाला कारखानदाराच्या पदरात टाकतो. तेवढ्यात काचेचे ग्लास येऊन वर पोऱ्याच्या पगारालाही हातभार लागला असता.

येथे एक आक्षेप खरा आहे: ग्लास धुवायला पाणी कुठे आहे? नवी मुंबईसाठी ९५ गावांची जमीन घेतली गेली, भातशेतीच्या जागी सेक्टर उभे राहिले. पण आराखड्यात टपरीला जागा नव्हती, मग तिला नळ कुठून असणार? एका बादलीत दिवसभर विसळलेला ग्लास कोणालाही नको वाटेल, त्यात गिऱ्हाइकाचा दोष नाही. २०१४ च्या फेरीवाला कायद्याने विक्रेत्यांसाठी क्षेत्रे आखण्याची जबाबदारी शासनसंस्थांवर टाकली आहे. त्या क्षेत्रात वाहता नळ आणि सांडपाण्याची मोरी मागणे ही चैनीची मागणी नव्हे. प्याला बदलण्याचा उपदेश टपरीवाल्याला करण्यापूर्वी हा अर्ज सिडकोच्या दारात जायला हवा.

चिनी लोक बिनकानाच्या वाटीतून चहा पीत. कपाला कान जडला तो युरोपात. आपल्याकडील श्रमिकांनी त्या साहेबी कपबशीचे स्वतःचे काहीतरी केले. पैसे एकाचेच असले की चहा अर्धा कपात आणि अर्धा बशीत होई, आणि दोघे फुरके मारीत तो संपवीत. कागदी प्याल्याला बशी नसते.

चळवळीच्या बैठकांतही आता कागदी प्याल्यांची चळत दाराशीच असते. शाखांनी दोन डझन काचेचे ग्लास घ्यावेत, आणि बैठक संपल्यावर ते धुण्याची पाळी लावावी. पाळीची यादी अध्यक्षांच्या नावापासून सुरू व्हावी, आणि ती आतल्या खोलीतल्या वहिनींकडे सरकू नये.